हिरडीनं दात सोडलाय, टाळूचा तुकडा लावून घेऊ का?

पत्र : डॉक्टरताई, मी 47 वर्षांची आहे, बालवाडीत शिकवते. खालच्या समोरच्या दातांपैकी एकाची हिरडी दोन-तीन वर्षांपासून खाली खाली जातेय. आता तो दात शेजारच्या दातांपेक्षा लांब दिसतो. डाव्या बाजूच्या वरच्या सुळ्याचीही हिरडी थोडी वर सरकलीय. तिथे गार पाणी लागलं की मस्तकात कळ जाते. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की खालच्या दाताचं मूळ 4 मिलिमीटर उघडं पडलंय, टाळूचा तुकडा काढून तिथे शिवायला हवा. ऐकूनच माझे पाय गळाले. सासूबाई म्हणतात मीठ-तेल चोळ, भरून येईल. जाऊबाई म्हणतात एका दातासाठी एवढं कशाला, काढून टाक. मुलानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, त्यात कापाकापी नाही, टाके नाहीत, एका भोकातून हिरडी ओढून घेतात. मला शुगरची गोळी चालू आहे. पूर्वी मिश्री लावायचे, आठ वर्षांपूर्वी सोडली. मी भजनी मंडळात गाते. माउलींची पालखी लोणंदला येते तेव्हा आमचं मंडळ जातं. तेव्हा गाता येईल ना? आणि हे खरंच करायलाच हवं का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. तुम्ही लिहिलंय त्यावरून खालच्या दाताचं ऑपरेशन करून घ्यावं असं माझं मत आहे. वरच्या सुळ्याला आज हात लावायची गरज मला दिसत नाही. आणि दोन्हीच्या आधी एक काम आहे, ते तुमच्या मोरीतल्या ब्रशच्या पेल्यापाशी सुरू होतं. मी तुमचं तोंड तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण काय बघायचं आणि काय विचारायचं हे तुम्हाला नीट ठाऊक असावं, म्हणून जरा लांबण लावते.

उद्या सकाळी उजेडात आरशासमोर उभ्या राहा. खालचा ओठ दोन बोटांत धरून हळूच पुढे ओढा. दातालगत हिरडीची एक फिकट गुलाबी पट्टी दिसेल. ती संत्र्याच्या सालीसारखी किंचित खरखरीत आणि हाडाला घट्ट चिकटलेली असते, ओठ ओढला तरी जागची हलत नाही. तिच्या खाली लालसर, चकचकीत, मऊ अस्तर असतं, ते ओठाबरोबर हलतं. आता त्या लांब दिसणाऱ्या दातापाशी बघा. तिथे ती घट्ट पट्टी उरलीय का? की लाल अस्तर थेट दाताला जाऊन भिडलंय आणि ओठ ओढला की दातालगतची कडच खाली खेचली जातेय, पांढुरकी पडतेय? तसं असेल तर तुमच्या डॉक्टरांनी योग्यच सांगितलंय. मऊ अस्तर हे दाताची राखण करायला बनलेलंच नाही. बोलताना, चावताना, गाताना ओठ हलतो आणि प्रत्येक वेळी ती कड थोडी ओढली जाते. ब्रश लागला की तिथे हुळहुळतं, म्हणून माणूस ती जागा टाळतो. मग थर साचतो, कीटण धरतं, सूज येते आणि हिरडी आणखी उतरते. तुमची दोन-तीन वर्षांपासून उतरतेच आहे, थांबलेली नाही. मला चार मिलिमीटरच्या आकड्यापेक्षा या न थांबण्याची काळजी जास्त वाटते.

सासूबाईंचा जीव तुमच्यासाठी तुटतोय हे मला कळतं. कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरायला काहीच हरकत नाही. पण एकदा मुळावरून उतरलेली हिरडी चोळून परत चढत नाही, तेलानं नाही आणि कुठल्या महागड्या जेलनंही नाही. सुजलेली हिरडी स्वच्छतेनं बसते, रक्त यायचं थांबतं, ती निरोगी होते, पण आहे त्याच जागी. उलट मिठाचे खडे बोटानं घासले तर मूळ झिजतं. दाताच्या वरच्या भागावर जे कठीण पांढरं कवच असतं ते मुळावर नसतं, मूळ त्यापेक्षा बरंच मऊ. म्हणून राखुंडी, कोळशाची पूड आणि खरखरीत मंजनं तुम्ही घरातून काढाच.

जाऊबाईंचं ऐकू नका. तो दात हलत नसेल, आत किडलेला नसेल, तर तो चांगला दात आहे, फक्त उघडा पडलाय. काढला की तिथलं हाड बसत जातं आणि शेजारच्या दातांभोवतीची हिरडीही उतरायला लागू शकते. मग ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला पक्का खोटा दात, करायचा तर दोन्हीकडचे धडधाकट दात घासावे लागतात. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर दात, बसवायचा म्हटलं तर त्यालाही भोवती घट्ट हिरडी लागते, म्हणजे फिरून टाळूचाच तुकडा.

आता ब्रशचं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. वरच्या सुळ्याचं मूळ उघडं पडलं होतं. मी टाळूच्या आतला थर घेऊन ते झाकलं. तुकडा सुंदर धरला, तीन महिन्यांनी रंगही मिळून गेला, मी खूश होते. दीड वर्षानं त्या परत आल्या तेव्हा कड पुन्हा वर सरकलेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना म्हटलं, उद्या घरचा ब्रश घेऊन या. त्यांनी कागदात गुंडाळून आणला. केस दोन्हीकडे फाकलेले, झिजलेल्या केरसुणीसारखे. बेसिनपाशी घासून दाखवा म्हटलं तर मूठ आवळून, कोपरातून जोर लावून, आडवा, करपलेलं पातेलं घासावं तसा. मी ऑपरेशनच्या आधी त्यांना विचारलं होतं, "मऊ ब्रश वापरता ना?" त्या "हो" म्हणाल्या होत्या आणि मी पुढे गेले होते. चूक माझी होती, त्यांचं दुखणं वाया गेलं. तेव्हापासून ब्रश डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि समोर घासून घेतल्याशिवाय मी हिरडीच्या ऑपरेशनची तारीख देत नाही.

तुम्ही बहुतेक उजव्या हातानं ब्रश करत असाल. उजव्या हाताच्या माणसाचा पहिला, सगळ्यात जोरकस फटका डाव्या सुळ्यावर आणि त्यामागच्या दातांवर बसतो. डावा सुळा उतरलेला दिसला की मला हाताचा संशय येतो. तिथे नख फिरवून बघा. हिरडीलगत दाताला पाचरीसारखी खाच लागत असेल तर संशय आणखी पक्का.

सगळ्यात मऊ मिळेल तो ब्रश घ्या, पाकिटावर 'अल्ट्रा सॉफ्ट' किंवा 'एक्स्ट्रा सॉफ्ट' लिहिलेलं असतं. मुठीत धरू नका, पेनासारखा तीन बोटांत धरा, जोर आपोआप निम्मा होतो. केस अर्धे हिरडीवर, अर्धे दातावर तिरके टेकवा, जागच्या जागी थरथरवा आणि मग हिरडीकडून दाताकडे वळवून आणा : वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. बालवाडीतल्या मुलांना अक्षर गिरवायला शिकवताना तुम्ही त्यांचा हात हलका करून घेता ना, तसा आपला करून घ्या. महिना लागतो. पंधरा दिवसांतच केस फाकले तर जोर अजून जास्तच आहे असं समजा.

मिश्री सोडलीत ते फार चांगलं केलंत. तव्यावर भाजून काळी केली तरी ती तंबाखूच. जिथे ठेवली जाते तिथल्या हिरडीला ती जाळते आणि रक्तपुरवठा आखडवते. कधीमधी कुणी दिली म्हणून बोटभर लावत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा, लाजू नका. टाळूचा तुकडा जगणं न जगणं रक्तावर असतं आणि तंबाखू नेमकी तिथेच आडवी येते. सासूबाई अजून लावत असतील तर त्यांच्याही तोंडाची एकदा तपासणी करून घ्या. गालाच्या किंवा ओठाच्या आत पांढरा चट्टा असेल तर तो हिरडीच्या दुखण्यापेक्षा आधी दाखवायची गोष्ट आहे.

आता ज्याच्यामुळे पाय गळाले त्या ऑपरेशनकडे येते. टाळूचा तुकडा म्हटलं तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली कुठली करणार हे डॉक्टरांना विचारून घ्या, कारण दोन्हींचा हेतू वेगळा आहे. पहिल्यात टाळूची वरची कातडीसकट पातळ पट्टी काढतात, साधारण दीड मिलिमीटर जाडीची, आणि दाताखाली शिवतात. ही पद्धत 1960च्या दशकापासून चालत आलीय. तिचा मुख्य हेतू तिथे नवी घट्ट हिरडी तयार करणं हा. मूळ झाकलं गेलं तर चांगलंच, पण ते वचन नव्हे. दुसऱ्यात टाळूला बारीक चीर देऊन आतला थर तेवढा काढतात, वरची कातडी परत शिवून टाकतात आणि तो थर मुळावर ठेवून त्यावर शेजारची हिरडी ओढून घेतात. ही पद्धत 1985 पासून रुळली. मूळ झाकायला ही सरस, टाळूही कमी दुखते. तुमच्या खालच्या दातापाशी घट्ट पट्टी अजिबात नसेल आणि ओठाची दोरी, म्हणजे ओठाला आतून हिरडीशी जोडणारी बारीक पट्टी, कडेला खेचत असेल, तर बहुतेक पहिली पद्धत सुचवतील आणि त्याच वेळी ती दोरीही सोडवतील. नवी पट्टी आजूबाजूपेक्षा फिकट दिसते, ठिगळासारखी. पण खालच्या ओठाआड ती कुणाला दिसत नाही. वरच्या सुळ्यासाठी मात्र मी ती पद्धत वापरणार नाही, हसताना ठिगळ दिसेल.

मूळ कितपत झाकलं जाईल हे दोन दातांच्या मधल्या हाडावर ठरतं. उघड्या मुळाला स्वतःचं रक्त नसतं. त्यावर ठेवलेला तुकडा जगतो तो बाजूच्या हिरडीतून आणि हाडावरच्या पडद्यातून मिळणाऱ्या रक्तावर. मधलं हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा धरता येते. ते थोडं झिजलेलं असेल तर मूळ काही अंशी झाकलं जातं, फार झिजलं असेल तर ती आशा धरू नये. हे एक्स-रे आणि हिरडीतली मोजपट्टी सांगते. म्हणून "डॉक्टर, मधलं हाड कसं आहे?" हा प्रश्न आवर्जून विचारा. ज्याला याचं उत्तर एक्स-रे दाखवून देता येतं त्याच्याकडे निर्धास्त बसा.

प्रत्यक्ष काम तास-दीड तासाचं, भूल फक्त त्या जागेची. टाळूत सुई टोचताना दुखतं, हे मी लपवणार नाही. ती तोंडातली सगळ्यात झोंबणारी सुई असते, पण अर्ध्या-एक मिनिटाची. मग जागा बधिर होते आणि ओढल्यासारखं, दाबल्यासारखं तेवढं कळतं.

शिवलेला तुकडा कसा जगतो हे तुम्हाला आंब्याच्या कलमावरून चटकन कळेल. खुंट आणि काडी एकमेकांना घट्ट टेकवून बांधतात ते का? मध्ये पोकळी राहिली किंवा बांधणी हलली तर जुळत नाही म्हणून. इथेही तेच. पहिले दोन दिवस त्या तुकड्याला स्वतःची एकही रक्तवाहिनी नसते, तो खालून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालून केसासारख्या वाहिन्या आत शिरायला लागतात. त्या दिवसांत ओठ ओढून "बघू बरं कसं दिसतंय" असं करायचं नाही. माझ्या पेशंटांच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या बघण्यानं. घरात कुणालाही दाखवू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी तिथे पांढरट, ओलसर साय आल्यासारखी दिसेल. तो पू नव्हे, वरचा पापुद्रा गळतोय. तो काढू नका. आठवड्यानं खालून गुलाबी रंग उगवतो.

खरी कुरकुर टाळूची असते. गरम पिठल्याचा घास टाळूला चिकटून कातडी सोलली गेली तर कसं होतं, तसंच, फक्त जागा मोठी आणि दहा-बारा दिवसांची. त्यावर डॉक्टर प्लॅस्टिकची पातळ प्लेट किंवा औषधी पट्टी लावून देतात का ते विचारा. प्लेट असली की जेवण पुष्कळ सुसह्य होतं. तीन-चार आठवड्यांत ती जागा भरून येते. घरी गेल्यावर टाळूतून रक्त आलं तर थुंकत बसू नका, चूळ भरू नका, त्यानं ते वाढतं. ओली स्वच्छ गॉजची घडी बोटानं पंधरा-वीस मिनिटं न उचलता दाबून धरा. तरीही थांबलं नाही तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा, आणि तो नंबर आधीच घेऊन ठेवा.

पहिले दोन दिवस गार आणि मऊ : दहीभात, ताक, थंड केलेली पेज. नंतर कोमट मुगाची खिचडी, शिरा, उपमा. भाकरी, चटणीचे दाणे, चिवडा, तिखट रस्सा टाके निघेपर्यंत बंद. स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. त्या जागी दोन-तीन आठवडे ब्रश लावायचा नाही. त्याऐवजी डॉक्टर देतील ते क्लोरहेक्झिडिनचं जंतुनाशक पाणी तोंडात नुसतं फिरवायचं. त्यानं दात जरा तपकिरी दिसायला लागतात, तो डाग नंतर निघतो. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

मुलानं दाखवलेला व्हिडिओ खोटा नाही. एका लहान भोकातून हिरडी सैल करून मुळावर सरकवण्याची ती पद्धत अमेरिकेतल्या डॉ. जॉन चाओ यांनी 2012 मध्ये मांडली आणि काही पेशंटांना ती छान लागू पडते. पण सरकवायला आधी चांगली, जाड हिरडी शिल्लक हवी. तुमच्या खालच्या दातापाशी तीच नाही. म्हणून तिथे मी ती निवडणार नाही. आणखी एक, टाळू वाचवायची म्हणून कोलॅजन नावाच्या प्रथिनाची तयार चकती वापरू असं कुणी सुचवलं तर ती कशापासून बनलीय ते विचारा. त्यातल्या बऱ्याचशा डुकराच्या किंवा गायी-बैलाच्या ऊतींपासून बनवतात. माळकरी घरातल्या माणसाला हे आधी कळायला हवं, आणि दुर्दैवानं बहुतेक वेळा ते कुणी सांगत नाही. अजून तरी आपल्या स्वतःच्या टाळूच्या तुकड्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही, असं आमच्या क्षेत्रात मानलं जातं.

साखरेचं म्हणाल तर गोळी चालू आहे हे पुरेसं नाही, ती ताब्यात आहे का हे महत्त्वाचं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सीची तपासणी करून तो कागद दंतवैद्यांना दाखवा. आकडा 7च्या आसपास असेल तर बहुतेक अडचण येत नाही. बराच वर असेल तर आधी तो खाली आणायचा, तुकडा महिना-दोन महिने थांबू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका. ज्यांनी दिलीय त्यांना विचारूनच काय ते ठरवायचं.

सुळ्याची कळ ब्रश सुधारल्यावर आणि 5 टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह टूथपेस्ट नेमानं लावल्यावर बरीच उतरेल. दोन-चार आठवडे लागतात, चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडून देऊ नका. रात्री पेस्ट लावल्यावर नुसतं थुंका, खळखळून चूळ भरू नका, औषध मुळावर टिकू दे. त्या सुळ्याचं उघडं मूळ डॉक्टरांकडून आज मिलिमीटरमध्ये मोजून लिहून घ्या, फोटो काढून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा तोच राहिला तर सुळा तसाच राहू दे. वाढला तर विचार करू.

आणि आता पालखी. ओठ ताणून गाणं हे शिवलेल्या तुकड्यासाठी सगळ्यात वाईट. दोन आठवडे भजन पूर्ण बंद, तिसऱ्या आठवड्यात गुणगुणणं, मोकळ्या गळ्यानं गायचं ते महिन्यानंतर. बालवाडीतून किमान आठवड्याची रजा घ्या, लहान मुलांसमोर तोंड मिटून बसता येत नाही. हे काम तातडीचं नाही, हात हलका झाला असेल तर दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. तेव्हा पालखी लोणंदहून पुढे गेली, आषाढी झाली की नंतरची तारीख घ्या. तोवर कीटण काढून घेणं, साखर बघणं आणि ब्रशचा हात वळवणं एवढं उरकेल.

काम हिरड्यांच्या तज्ज्ञाकडून, म्हणजे पेरिओडॉन्टिक्स या हिरड्यांच्या विषयात एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्या डॉक्टरांकडून करून घ्या. तुमच्या तालुक्याला नसतील तर कराड, सांगली, पुणे इथे दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईला सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालयही आहे. हिरड्यांचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. वेळ जास्त लागतो, डबा घेऊन जा. जाताना एक्स-रे, साखरेचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तुमचा आत्ताचा ब्रश, आहे तसा, धुऊन कागदात गुंडाळून पिशवीत ठेवा.